आबांच्या नातीची शिट्टी

बलभीम आबा सरपंचपदाला उभे होते, त्यांचं चिन्ह कपबशी होतं, आणि त्यांची सख्खी नात शाळेच्या फाटकात शिट्टी होऊन लटकत होती. शिट्टी म्हणजे आबांच्या विरोधात उभ्या असलेल्या रणधीरचं चिन्ह. त्यात मतदान तोंडावर आलेलं.

झालं होतं असं. लातूरहून नव्यानं आलेल्या शिवांजली मॅडमनी चौथीच्या पोरांना सांगितलं, "नाक-डोळे न काढता स्वतःचं चित्र काढा. तुम्ही ज्या वस्तूसारखे आहात, ती वस्तू काढायची." कुणी कुलूप झालं, कुणी कुदळ. आरोहीनं पानभर शिट्टी काढली आणि खाली ठसठशीत लिहिलं, 'ही मी. आरोही.' मॅडम खूश! त्यांनी सगळी चित्रं फाटकाजवळच्या फळ्यावर लावली. गावात कोण कशावर उभं आहे, हे त्या बिचारीला काय ठाऊक?

गावाला मात्र सध्या तेवढंच ठाऊक होतं.

"आबाच्या घरातच शिट्टी वाजायली म्हना की!" पारावर कुणीतरी म्हणालं, आणि आबा तडक शाळेत गेले.

"मॅडम, ती शिट्टी उतरवा आधी. वाटोळं व्हायलंय आमचं."

"बाकीच्यांची ठेवून तिचंच कसं काढू, आबा? रडेल ती. तिनं दुसरं चित्र दिलं तर बदलते."

आबांनी घरी येऊन नातीला मांडीवर घेतलं. "आरोहे, तू आपली कपबशी हाईस. व्हय का न्हाय?"

"न्हाय. मी बोलले की समदे काम सोडून बघतेत. कपबशीकडं कोन बघतंय?"

"खरं बोलायली पोरगी," उमाबाई चुलीपासून म्हणाल्या. बायकोसुद्धा उलटली म्हटल्यावर आबांना घाम फुटला. शेवटी बेंबळीच्या बाजारातून पैंजण आणायचं कबूल केलं, तेव्हा कुठं पोरगी वळली. आबा निर्धास्त होऊन प्रचाराला गेले.

आरोहीनं दिला शब्द पाळला. सुरेख कपबशी काढली. पण स्वतःचं चित्र खोटं कसं काढायचं? म्हणून कपात एक शिट्टी उभी केली. मॅडमनी ते लगेच फळ्यावर लावलं.

दुपारपर्यंत गावभर झालं, "मांडवली झाली! अडीच वर्सं ह्येनं, अडीच वर्सं त्येनं. वाटून घेतलंय."

आबांची पोरं झेंडे टाकून घरी बसली. रणधीरचीही बसली. रणधीर धावत शाळेत आला, तर आबा आधीच फळ्यापुढं उभे.

"आबा, ह्ये काय करून ठिवलं?"

"म्या कशाला करतोय बाबा? पोरीनं केलंय. आता?"

"आता काय! घरोघर जाऊन सांगायचं, की आमचं काय बी ठरलेलं न्हाय."

"एकट्याचं कोन ऐकतंय? दोघं जाऊ."

मग काय विचारता! दोघं खांद्याला खांदा लावून दारोदार फिरले आणि आपण मिळालेलो नाही असं हात जोडून सांगत राहिले. लोकांनी मान डोलावली, चहा पाजला, कुणी कुणी जोडीचा फोटोही काढला. आणि तिसरी उमेदवार, पंखा चिन्हावर उभी असलेली, प्रचाराला गल्लीबाहेरही न गेलेली कमलबाई धो धो मतांनी निवडून आली.

आबांना फार लागलं. सरपंच व्हायचं त्यांच्या मनात मिसरूड फुटल्यापासून होतं. समोरून गुलाल गेला तेव्हा त्यांनी कडी लावून घेतली आणि ताट तसंच बाजूला सारलं.

तेवढ्यात कडी वाजली. दारात रणधीर.

"आबा, उपसरपंच अजून निवडायचाय. तुमचे मेंबर अन् माझे मेंबर एक केले तर?"

"म्हंजी खरंच मांडवली?"

"गावाच्या लेखी ती कवाच झालीया. आपुनच मागं राहिलोत."

आबांनी थोडा विचार केला. मग ताट पुढं ओढलं. "पयल्यांदा कोन?"

"पयली अडीच वर्सं तुमी."

आतून आरोही रंगपेटी घेऊन आली. "आबा, ह्याचं चित्र काढू?"

"न्हाय!" दोघं एकदम ओरडले.

आवाज पारापर्यंत गेला. पारावर कुणीतरी शेजारच्याला म्हणालं, "बघ, आता तर सूर बी एकच लागायलाय. म्या म्हनलंच हुतं."