तास संपला, आमेन

आमच्या सौंदडच्या चर्चमध्ये उपदेश कधी संपायचा हे परमेश्वर ठरवत नसे, पाळकीणबाई ठरवत. पहिल्या बाकावर त्या बसत आणि त्यांच्या मांडीवर एक पितळी घंटी असे. शाळेच्या एका तासाएवढा वेळ झाला की टण् टण् टण्. पाळकसाहेब वाक्याच्या मध्ये असोत की शब्दाच्या, तिथेच थांबत, गोड हसत आणि म्हणत, "तास संपला, आमेन." अख्खं चर्च खो-खो हसे. साहेब खुर्चीत बसून घाम पुसत आणि हसणं ओसरलं की मंडळी गाणं म्हणायला उभी राहत.

मी काही ख्रिस्ती नाही. आमचं बियाण्याचं दुकान चर्चच्या कुंपणाला लागून आहे, इतकंच. पण नाताळात अर्धं गाव तिथं जाई, कारण असा तमाशा तालुक्यात दुसरीकडे नव्हता. नवऱ्याला भर सभेत घंटी वाजवून गप्प करणारी बाई पाहायला साकोलीहून लोक येत, खोटं नाही सांगत.

दर नाताळात साहेब एकच गोष्ट सांगत. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवतं. नव्याण्णव रानात सोडून तो त्या एकाच्या मागं निघतो. पुस्तकात ही गोष्ट चार ओळींची असेल, पण साहेबांचा मेंढपाळ चुलबंद नदी उतरायचा, धानाच्या बांध्या तुडवायचा, नवेगावच्या जंगलात त्याला अस्वल भेटायचं. एका वर्षी तर तो सौंदड स्टेशनात मालगाडीच्या डब्यांखाली वाकून पाहून आला. आणि मेंढराचं बें-बें आता कानावर पडणार, आम्ही पुढं सरकून बसलेलो, तेवढ्यात टण् टण् टण्. ते मेंढरू सापडलं की नाही हे आम्हाला कधी कळलंच नाही. ख्रिस्ती शेजाऱ्यांना विचारावं तर ते म्हणत, पुढच्या नाताळात या. माझा बाप घरी येऊन आईला सांगे, "बाईनं यंदाही मेंढरू जंगलातच ठेवलं ना बाप्पा."

बाई नुसत्या पाळकीणबाई नव्हत्या. नगरकडून लग्न होऊन त्या सौंदड स्टेशनवर उतरल्या तेव्हा बरोबर एक पत्र्याची पेटी होती, ही घंटी होती आणि मास्तरकीचं सर्टिफिकेट होतं. इथल्या शाळेत त्यांनी जन्म काढला. माझ्या बापाला शिकवलं, मला शिकवलं. माझी पोरगी सुटली, ती केवळ बाई रिटायर झाल्या म्हणून.

त्यांचं एकच मागणं असे. "पूर्ण वाक्यात." चहा घेणार का, असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही नुसतं "हो" म्हणालात तर चहा मिळत नसे. "मी चहा घेईन" असं म्हणावं लागे. एकदा एसटीत नव्या कंडक्टरनं त्यांना विचारलं, "कुठं?" बाई म्हणाल्या, "पूर्ण वाक्यात." तो बिचारा पाहतच राहिला. मागून त्यांचा कोणी जुना विद्यार्थी ओरडला, "विचार ना गा पुरं, नाही तं आम्ही आज साकोलीले पोचत नाही." मग कंडक्टरनं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि विचारलं, "बाई, आपल्याले कुठं जायचं आहे?" बाईंनी त्याला शाबासकी दिली.

आमच्या शेजारच्या विठोबाला विंचू चावला तेव्हाची गोष्ट तर गावात अजून सांगतात. तो बोंबलत त्यांच्या अंगणात आला, "बाई, विंचू! विंचू!" बाई म्हणाल्या, "विंचवाने काय केले?" आणि हे विचारता विचारता त्यांनी आपल्या चांगल्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडून त्याचं बोट आवळलंही होतं. विठोबा सांगतो, "बोट जळून राहिलं होतं आणि मी सांगून राहिलो होतो, विंचवाने मला दंश केला."

साहेब दिसायला धडधाकट. आवाज असा की रेल्वे फाटकावरच्या माणसालाही उपदेश ऐकू जाई. एका हिवाळ्यात छातीचं दुखणं झालं आणि आठवड्यात गेले. मोबाइल तेव्हा गावात यायचे होते.

मग नवे पाळक आले, तरणेबांड. पहिल्याच रविवारी बाई घंटी घेऊन बसल्या आणि आम्ही कुंपणापाशी कान लावून उभे. तास झाला, दीड तास झाला, तो पोरगा सुटलेलाच. घंटी वाजेना. बाई बाहेर आल्या तेव्हा मी म्हटलं, "बाई, आज तुम्ही घंटी काऊन नाही वाजवली?" पूर्ण वाक्यात विचारलं बरं का. बाई म्हणाल्या, "ते तरुण आहेत. त्यांना बोलू द्यावे." आम्हाला वाटलं, बाई थकल्या.

त्यानंतर त्यांनी नवीनच प्रश्न धरला. कोणीही भेटलं की विचारायच्या, "तुमच्याकडे यांचा आवाज आहे का?" लोक घरातून लग्नाचे, बारशाचे फोटो काढून आणत. "फोटो माझ्याकडे पुष्कळ आहेत," बाई म्हणत, "फोटो बोलत नाहीत." एकदा दुकानाच्या पायरीवर बसून मला म्हणाल्या, "ते काय काय बोलत ते सगळे आठवते. आवाज मात्र आता आठवेनासा झाला आहे." त्यांची पोरगी नागपूरला असते, तिच्याकडे राहायला जा म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही.

यंदाच्या नाताळाआधी रेडिओवाला मोरेश्वर धापा टाकत माझ्या दुकानात आला. चर्चला भोंगा लावायचं काम वर्षानुवर्षं याचंच. दुकान बंद करायचं म्हणून त्यानं माळा आवरायला काढला होता. हातात एक कॅसेट. "गड्या, साहेब सापडले," तो म्हणाला. "नवा डेक आणला होता मी, तवा नाताळात तपासाले म्हणून रेकॉर्ड केलं होतं. विसरूनच गेलो."

मी गल्ल्यावरची बियाण्याची पाकिटं बाजूला सारली. "लाव ना मग."

"वेडा झाला का गा तू? फीत पार कुजून राहिली हाय. एकदा चालली तं चालली. ते एकदा बाईसाठी ठेवू."

बातमी वाऱ्यासारखी गेली. नाताळाच्या दिवशी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाई नव्वदीच्या उंबरठ्यावर, पण पहिल्या बाकावर ताठ, मांडीवर घंटी. बाईंना साहेबांचा आवाज मिळणार होता आणि आम्हाला, मेलं, ते मेंढरू. मोरेश्वरनं टेपला हात जोडले आणि बटन दाबलं.

आधी खरखर. मग साहेब. तोच आवाज, फाटकापर्यंत जाणारा. बाईंनी डोळे मिटले. मेंढपाळ नदी उतरला, बांध्या ओलांडल्या, अस्वल आलं आणि गेलं. मी विठोबाचा हात घट्ट धरून बसलो होतो. बें-बें जवळ येत होतं.

आणि मग आम्हाला ते ऐकू आलं. साहेबांचा श्वास. माइक अगदी तोंडाशी होता, म्हणून टेपनं तो पकडला होता. शब्दाशब्दाला छाती शिट्टी वाजवत होती, वाक्य तुटत होतं, एक शब्द तर घशातून निघालाच नाही. टण् टण् टण्. "तास संपला, आमेन." आणि टेपमध्ये आम्ही सगळे खो-खो हसलो, माझ्या बापाचं हसणं सगळ्यात मोठं. त्या हसण्याच्या खाली, हळूच, एक माणूस हवा ओढून घेत होता.

टेप थांबला. चर्चमध्ये कोणी हसलं नाही.

"दमा होता," बाई म्हणाल्या. मागं वळल्या नाहीत. "कोणाला सांगू देत नसत. म्हणत, पाळकच धापा टाकायला लागला तर मंडळी घाबरेल. आणि स्वतःहून थांबत तर नसतच. मग मीच थांबवत असे. तुम्ही मला हसायचात, तेवढ्यात त्यांचा श्वास..."

वाक्य अर्धंच राहिलं. ते पुरं करा असं त्यांना सांगणारं त्या चर्चमध्ये कोणी नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसलीही नाही.

शेवटी मोरेश्वरला राहवलं नाही. तो कानकोंडा होऊन म्हणाला, "बाई वो, मेंढरू याही बारीले सापडलं नाही."

"सापडले," बाई म्हणाल्या.

आता मात्र त्या मागं वळल्या. आमची तोंडं पाहून त्या किंचित हसल्या. हातातली घंटी त्यांनी बाकावर ठेवली, टेप कॅसेटसकट उचलून छातीशी धरला आणि दाराकडे निघाल्या. मोरेश्वर मदतीला पुढं झाला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"मेंढरू सापडले आहे," दारात वळून त्या म्हणाल्या, "आणि मी ते घरी घेऊन चालले आहे."