कुणालाही कळू नये अशी गाडी

"काय ब्रेक मारला पोरीने आज!" भाजलेल्या बटाट्यांचं भांडं पुढे सरकवत जनीन म्हणाली. "समोर एकदम कुत्रं आलं. मी तर डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी उभी, कुत्रं उभं आणि बाईसाहेब शांत. मला एवढासुद्धा धक्का नाही."

"त्यात काय," टेगन म्हणाली. सतराव्या वर्षी ज्या गोष्टीचा खरा अभिमान वाटतो तिच्याबद्दल असंच म्हणायचं असतं.

कॉलिन ट्रेलोअरने मान खाली घालून मटणाचा चॉप कापायला घेतला. ब्रेकवर पाय लेकीचा होता, हे त्याला मान्य होतं. पण त्या पायाचं इतकं मुकाट्याने ऐकणारे ब्रेक पॅड गेल्याच गुरुवारी बसले होते, चांगल्यातले चांगले, आणि ते कॉलिनने बसवून घेतले होते. ही गोष्ट अख्ख्या डॅप्टो गावात दोनच माणसांना ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरा गॅरेजवाला झोरान.

कॉलिन ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँगच्या नगरपालिकेत लोकांच्या घरांचे नकाशे तपासायचा. कुणी व्हरांडा वीतभर पुढे काढला तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. असल्या माणसाकडे लग्नाआधी दोन दारांची लालभडक गाडी होती, हे आज सांगून कुणाला पटलं नसतं. तिचा सायलेन्सर असा होता की कॉलिन जनीनला भेटायला निघाला की तो पोचायच्या आधी तिच्या आईला कळायचं. टेगन झाली तेव्हा ती गाडी विकली गेली आणि कॉलिनने जनीनला शब्द दिला, की यापुढे गाडी दुकानातून येते तशीच चालवायची. तो शब्द त्याने सोळा वर्षं पाळला. मग त्याला पन्नाशी दिसायला लागली.

आता दारात ओल्या सिमेंटच्या रंगाची, अकरा वर्षांची सेडान होती. चार दारं, मोठी डिकी, रोजचं ऑफिस आणि शनिवारचं सामान. पार्किंगमध्ये लावली तर मालकालाही चटकन सापडू नये अशी. कॉलिनच्या मते हाच तिचा मोठा गुण होता. त्याने नकाशाच्या कागदावर व्यवस्थित आराखडा काढला. गाडी दिसायला तीच राहिली पाहिजे, तिचा आवाज तोच राहिला पाहिजे, आणि जनीनला सुगावा लागता कामा नये.

"म्हणजे एवढा खटाटोप करायचा आणि कुणाला कळू द्यायचं नाही?" झोरानने कागदावरून नजर वर करून विचारलं. "माझा बाप मॅसेडोनियातून आला ना, तो नवा शर्ट घेतला तरी गल्लीत दोन फेऱ्या मारून यायचा. तुझं हे आपल्या डोक्यात शिरत नाही, मित्रा. पण करतो."

आराखड्यात एकच चूक होती. त्याच सुमारास टेगन गाडी शिकायला लागली. लायसन्सच्या परीक्षेआधी मोठ्या माणसाला शेजारी बसवून एकशेवीस तास गाडी चालवायची आणि तास न् तास वहीत लिहायचा, असा तिथला नियम. शेजारी बसायला जनीनच लागायची, कारण कॉलिन बसला की प्रत्येक वळणावर दाराचा हँडल धरून देवाचं नाव घ्यायचा. जनीनची स्वतःची छोटी गाडी जुनी आणि कुरकुरणारी, म्हणून सराव सेडानवरच. त्यामुळे कॉलिनने आज गाडीत जे घालावं त्याचं कौतुक उद्या टेगनच्या पदरात पडायचं.

टायर बदलले. माउंट कीराच्या घाटातल्या ओल्या वळणांवरून मायलेकी परत आल्या त्या खुशीतच. "चाक जरा म्हणून घसरलं नाही," जनीन म्हणाली. "पोरीच्या हातात जादू आहे." मग वळणावर गाडी कलू नये म्हणून मागच्या दोन चाकांच्या मध्ये जाड सळई बसली. "भरलेला कॉफीचा कप होता माझ्या हातात. कॉल, शपथ घेऊन सांगते, थेंब सांडला नाही!"

"गाडीचाही काही वाटा असेल की त्यात," कॉलिनला एकदा राहवलं नाही.

"गाडीचा? त्या डब्याचा?" जनीनने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "स्वतःच्या लेकीचं कौतुक झालं की तुझ्या पोटात का दुखतं रे?"

दुखत होतं, हे खरंच होतं. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याने जिवाचं रान केलं होतं आणि खरोखरच कुणाच्या लक्षात येत नव्हतं, आणि हे त्याला सहन होईना. ऑफिसातून तो गाडीकडे चालत यायचा तेव्हा कुणीतरी थांबून विचारावं, "काय हो, हिला काय केलंत?" असं त्याला फार वाटायचं. लोक विचारायचे ते एवढंच, की ही जागा सोडताय का.

शेवटी आराखड्यातलं सगळ्यात खालचं काम त्याने वर घेतलं. झोरानच्या ओळखीचा एकजण इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून पिकअप वाढवून द्यायचा. शुक्रवारी लवकर मीटिंग आहे असं सांगून कॉलिन पहाटेच गाडी घेऊन पसार झाला. संध्याकाळी घरी येताना चढावर त्याने पाय जरासा दाबला, आणि सिमेंटच्या रंगाचा तो डबा असा उसळला की कॉलिनच्या तोंडून गेल्या सोळा वर्षांत न निघालेला आवाज निघाला.

दारात टेगन उभी होती. तिच्या हातात नवशिक्या चालकाची, लाल पी लिहिलेली पाटी होती.

"बाबा, पास झाले! पहिल्या झटक्यात!"

आज तिची परीक्षा होती, हे कॉलिन पार विसरला होता. त्याने तिला मिठी मारली, आणि मिठीतच आनंदाने झोरानला फोन लावला.

"टेगनला लायसन्स मिळालं?" पलीकडून झोरानचा आवाज एकदम उतरला. "मग ती ही गाडी चालवू शकत नाही. नव्या पोरांना इंजिन वाढवलेली गाडी चालवायला बंदी आहे. पकडली गेली तर लायसन्स जाईल तिचं."

"मग होती तशी कर ना परत!" अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन कॉलिन कुजबुजला.

"मी नाही करू शकत. करणारा दुपारीच मासे धरायला गेला. दोन आठवड्यांनी येईल."

दुसऱ्या दिवशी टेगनला आल्बियन पार्कच्या रोपवाटिकेत कामावर जायचं होतं. आयुष्यातलं पहिलं काम, आणि पहिल्यांदाच एकटीने गाडी. ती किल्ली घेऊन निघाली तर कॉलिन बॉनेटला टेकून उभा.

"बॅटरी उतरलीय," तो म्हणाला. टेगनने किल्ली फिरवली. गाडी तत्काळ सुरू झाली. "परत उतरेल," कॉलिन म्हणाला आणि तिला स्वतः सोडून आला. रविवारी त्याला टायरमध्ये खिळा दिसला, जो दुसऱ्या कुणाला दिसला नाही. सोमवारी गाडीतून आवाज यायला लागला.

"मला नाही येत," जनीन कान देऊन म्हणाली.

"बारीक आहे तो."

"बाबांचा माझ्यावर विश्वास नाही," टेगन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सरळ सांगा ना. मी गाडी ठोकेन असंच वाटतं ना तुम्हाला?"

खरं सांगावं तर जनीनला दिलेला शब्द मोडल्याचं उघड होणार, आणि न सांगावं तर ही पोर आयुष्यभर असंच समजणार. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "खरंच आवाज येतोय गं."

जनीनने फोन उचलला आणि बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणाऱ्या क्लबच्या माणसाला बोलावलं. माणूस म्हणजे ब्रॉनविन नावाची दणकट बाई निघाली. तिने गाडी चालवून एक फेरी मारली, बॉनेट उघडलं, मग अंगणात चक्क पाठीवर पडून गाडीखाली सरकली. तिघंजण तिच्या बुटांकडे बघत उभे राहिले.

"आवाजबिवाज काही नाही," ती खालूनच म्हणाली. मग ती आणखी आत सरकली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "पण हे काम बघा हो! ब्रेक, टायर, मागची सळई. सगळं एकमेकांना धरून. इंजिनातही कुणीतरी हात घातलाय, आणि बाहेरून पत्ता लागत नाही. वीस वर्षांत मी असं नीटनेटकं काम पाहिलं नाही. हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

गप्प बसणं अगदी सोपं होतं. गाडी आधीच्या मालकाकडून वापरलेलीच घेतली होती. त्याच्या नावावर सगळं खपून गेलं असतं. कॉलिनला हे कळतही होतं.

"माझ्या!" तो म्हणाला. आणि एवढ्यावर न थांबता त्याने खिशातून घडी घातलेला आराखडा काढून ब्रॉनविनला दाखवला.

ब्रॉनविन गेल्यावर जनीनने हाताची घडी घातली. "कधीपासून?"

"ब्रेकपासून," कॉलिन म्हणाला. आता तोंड उघडलंच आहे तर सगळं सांगून टाकावं म्हणून त्याने तारीखवार सांगितलं. कुत्रं, ओली वळणं, कॉफी. सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला, आणि मग त्याला टेगनचा चेहरा दिसला.

"म्हणजे सगळं गाडीच करत होती," ती म्हणाली. "मी नुसती बसले होते."

कॉलिनला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"काय गं बावळटासारखं!" जनीन ताडकन म्हणाली. "शुक्रवारी हे महाशय ही गाडी घेऊन पसार झाले होते. तू परीक्षा कशात दिलीस? माझ्या खटाऱ्यात! चढावर धापा टाकतो, ब्रेक दाबला की आधी विचार करतो आणि मग थांबतो. त्यात पहिल्या झटक्यात पास झालीस." मग ती नवऱ्याकडे वळली. "समजलं? तुझ्या सळईचा काही संबंध नाही."

"समजलं," कॉलिन म्हणाला. टेगन हसली, आणि त्यालाही हायसं वाटलं.

निकाल तिथल्या तिथे लागला. टेगन आईची छोटी गाडी वापरणार. सेडान आता जनीनची. कॉलिनने बसने जायचं.

पुढच्या सोमवारी तो दोन बस बदलून घरी पोचला तरी जनीनचा पत्ता नव्हता. ती नोकरीला होती तो दातांचा दवाखाना बारा मिनिटांवर. पाऊण तासाने सेडान आली आणि अंगणात येऊन थांबली, पण जनीन उतरेना. कॉलिन भीतभीत काचेपाशी गेला. जनीनचे गाल लाल झाले होते आणि केस विस्कटले होते.

"उशीर झाला?"

"माउंट कीरावरून आले."

"तो तर उलटा रस्ता."

"दोनदा आले." जनीन स्टिअरिंग सोडायला तयार नव्हती. "हे बघ, तू दिलेला शब्द मोडलायस आणि माझा राग अजून गेलेला नाही. काय काय केलंस त्यातलं मला एक अक्षरही ऐकायचं नाहीये."

"बरं."

जनीनने हळूच किल्ली फिरवून इंजिन पुन्हा सुरू केलं आणि शेजारचं दार उघडलं.

"बस आत," ती म्हणाली. "अजून काय काय करायचं राहिलंय, तेवढं सांग."