वज्रपुरातील वर्दळ वाढविण्याबाबत

नगर जितके मोठे तितके ते जिवंत, हे तत्त्व सर्व नियोजनकारांना मान्य आहे. आणि ज्याअर्थी ते सर्वांना मान्य आहे, त्याअर्थी ते कुणी तपासून पाहण्याचे कारण उरत नाही. वज्रपूर ही राजधानी याच तत्त्वावर उभारण्यात आली. सात वेशी, तीनशे बुरूज, संगमरवरी हमरस्ते आणि एक समुद्र (तूर्त पाण्याविना; पाणी पुढच्या टप्प्यात). हे नगर पुण्याच्या एका कंपनीच्या ऑनलाइन खेळात होते. देशभरातले लोक फोनवरून योद्ध्याचे रूप घेऊन त्यात शिरत, हिंडत, राक्षस मारत आणि एकमेकांशी लिहून बोलत. नगराच्या रहिवाशांचा कारभार मात्र शहाद्याहून चाले.

तो चारुलता पाटील पाहत असे, घराच्या वरच्या खोलीत बसून. तिचा हुद्दा होता 'नागरी चैतन्य समन्वयक'. तिचे वडील पितांबरनाना केळी पिकवणारे गृहस्थ. हा हुद्दा कुणाला समजावून सांगण्याचा नाद त्यांनी लवकरच सोडला होता. कुणी विचारलेच तर "पोर कॉम्प्युटरवर शे" एवढेच ते म्हणत, पेशंट सलाईनवर आहे असे म्हणावे तसे. आई धनुबाई थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला गेल्यापासून घरात हे दोघेच होते. चारुलता वर, नाना खाली ओट्यावर, आणि मध्ये जिना.

खेळाडूंची तक्रार एकच होती : नगर भव्य आहे, पण मेलेले आहे. तिचे साहेब ललित सर यांनी तातडीने चैतन्य समिती नेमली. समितीने सखोल विचार करून रहिवासी कमी पडतात असा निष्कर्ष काढला आणि चार हजारांचे चाळीस हजार केले. हे सर्व रहिवासी (संगणकाने चालवलेली माणसे) प्रत्येक योद्ध्यापुढे हात जोडून "स्वागत असो, वीरा!" म्हणत. चाळीस हजार माणसे एकदम हात जोडून उभी राहिल्यावर नगराला जत्रेची कळा यावी अशी अपेक्षा होती. आली ती दहाव्याची. मग कबुतरे सोडण्यात आली. कबुतरांना हात जोडता येत नसल्याने परिस्थितीत सुधारणा दिसली, पण ती कबुतरांपुरतीच.

"चारुलता, दिवाळीपर्यंत नगर जिवंत दिसलं पाहिजे," ललित सर म्हणाले. "नाहीतर मॅनेजमेंट ते बंद करणार. नगरही, आणि आपणही."

या धास्तीतच ती नवापूरच्या मैत्रिणीचे लग्न आटोपून परतत होती, तर विसरवाडीला बस बंद पडली. ती खाली उतरते न उतरते तोच एका अनोळखी बाईने तिच्या हातात पिशवी दिली. "इतली पिशवी धर व माय. मी आत्तेच येस." पिशवीत कोंबडी होती. बाई गेली ती गेलीच. मग भज्यांच्या गाडीवाल्याने विचारले, कोन गावनी? दुसऱ्याने विचारले, बाप काय करस? तिसऱ्या एका आजीने लगीन व्हयनं का ते विचारले, नही म्हटल्यावर सुस्कारा टाकला, आणि कोंबडी धरायची ही काय रीत झाली म्हणून तिला झापले. कंडक्टरने हॉर्न वाजवायला लावला तेव्हा कुठे ती बाई उगवली, पिशवी घेतली, कोंबडी चाचपून पाहिली आणि चालू लागली.

चारुलता संतापून आपल्या जागेवर बसली. बस घाटाला लागल्यावर तिच्या ध्यानात आले, की इतका वेळ आपण फोनकडे ढुंकूनही पाहिले नाही. आणि विसरवाडीत एकाही माणसाने आपले स्वागत केलेले नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने वज्रपूरचे एकोणचाळीस हजार चारशे रहिवासी कमी केले (कुणीही उपोषणाला बसले नाही, ही खेळातल्या जनतेची मोठी सोय). उरलेल्या सहाशेंना कामधंदा लावला आणि नवे धोरण जारी केले : रहिवासी योद्ध्याचे स्वागत करणार नाही, त्याच्याकडे तो आपल्या कामातला अडथळा किंवा रिकामे हात याच दृष्टीने पाहील. आता योद्धा वेशीतून आला की त्याला कुणी शिडी धरायला लावी, कुणी भांडणात साक्षीला ओढी. एक लोहार तलवार विकण्याआधी आडनाव विचारून घेई.

परिणाम आशेपलीकडचा निघाला. त्याच आठवड्यात अग्निदैत्याने उत्तर वेशीवर हल्ला केला. साठ वीरांना रणशिंगाने पाचारण करण्यात आले. हजर झाले दोन. चौदा जण पिशव्या धरून उभे होते, नऊ जण बांधाच्या वादात मध्यस्थी करीत होते, उरलेले ती मध्यस्थी बघायला जमले होते. दैत्याने वाट पाहून वेस जाळली आणि तोही बाजूला उभा राहिला. कंपनीत पेढे वाटले.

"आणि तो विहिरीवरचा म्हातारा!" ललित सर फोनवर म्हणाले. "लोक केवळ त्याला भेटायला येतात. काय लिहिलायस गं!"

चारुलताने विहिरीवर कोणताही म्हातारा लिहिला नव्हता. पण पगारवाढीच्या हंगामात स्तुती परत करण्याचा प्रघात नाही. तिने आभार मानले आणि संध्याकाळी अनोळखी योद्ध्याचे रूप घेऊन ती विहिरीकडे गेली.

सोन्याचे चिलखत घातलेला एक जण काठावर पाय सोडून बसला होता. तलवार नव्हती. त्याच्या डोक्यावर अक्षरे उमटली : "कोन गावना रे भाऊ? बठ. जेवन व्हयनं का?"

आणि नेमके तेच शब्द, त्याच क्रमाने, तिला खिडकीतून खालच्या ओट्यावरूनही ऐकू आले.

कंपनीने चाचणीसाठी घरच्यांच्या फोनवर खेळ टाकायला सांगितला होता. तिने तो नानांच्या फोनवर टाकला आणि विसरून गेली होती. नाना फोनपुढे बोलत आणि फोन ते लिहून काढी. तिला वाटे, मामांशी बोलताहेत.

तिने लिहिले, "लांबून आलो. तुम्ही रोज इथे?"

"मन्ही आंडेर चारू मोठा कामवर शे," अक्षरे उमटली, आणि खालून आवाजही आला. "हाई गाव तिनंच बांधेल शे. वरल्या खोलीमाच ऱ्हास, पन तिले बोलाले टाईम नही. मंग मी तिना गावमा येईसन बठस. तेवढंच."

चारुलता उठून जिन्यापर्यंत गेली. तेवढ्यात ललित सरांचा फोन आला. तातडीची मीटिंग होती. ती परत बसली.

विषय गंभीर होता. रहिवासी इतके हुबेहूब झाले होते, की नगरात खरा माणूस कोणता ते खेळाडूंना कळेना. मॅनेजमेंटने पडताळणीची कसोटी मंजूर केली : जो आपणहून बोलतो, जेवण झाले का विचारतो, दुसऱ्याचे नाव लक्षात ठेवतो, तो कृत्रिम समजावा. जो समोरच्याकडे न बघता निघून जातो, तो खरा. कसोटी अठ्ठ्याण्णव टक्के अचूक ठरली (उरलेले दोन टक्के नवखे होते, तेही आठवड्याभरात सुधारले). चारुलताला हरकत घ्यायची होती, पण तिचा माइक बंद होता. आणि तो चालू करेपर्यंत सर्वानुमते ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी जिना वाजला. नाना कधी वर येत नसत. दारात उभे राहून त्यांनी फोन पुढे केला.

"चारू, हाई म्हनस मी मानूस नही."

पडद्यावर लिहिले होते : आपण कृत्रिम रहिवासी असल्याने आपणास बाहेरून प्रवेश देता येत नाही.

चारुलताने तिथल्या तिथे ललित सरांना फोन लावला. "सर, तो विहिरीवरचा म्हातारा माझे वडील आहेत. मी लिहिलेले नाहीत."

"मग त्यांना पगारावर घेता येईल का?" ललित सरांनी विचारले.

तिने फोन नानांकडे दिला. नानांनी विचार केला. "गप्पा माराना पगार लेऊ?" ते म्हणाले. "लोके काय म्हनतीन?" मग त्यांनी ललित सरांना गाव विचारले, आईवडिलांची चौकशी केली, आणि जेवन व्हयनं का तेही विचारले. सर घाईने "मीटिंग आहे" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"हाऊ मानूस खरा शे," नाना म्हणाले.

त्या दिवशी चारुलता लॅपटॉप तसाच उघडा टाकून खाली ओट्यावर आली. मग नानांनी केळीच्या घडांपासून सुरुवात केली आणि तिला ते ऐकून घ्यावे लागले. पुढे तिने वज्रपुरातली नानांच्या बसण्याची ती विहीर कमी केली. विहिरीची गैरहजेरी समितीच्या अजून ध्यानात आलेली नाही.

कसोटी मात्र कायम आहे आणि ती घरच्या घरीही करता येते. समोरच्या दारात राहणाऱ्याचे नाव वाचकाने आठवून पाहावे. आज घरात कुणाला "जेवलास का" विचारले, तेही आठवावे. दोन्ही आठवत नसल्यास चिंतेचे कारण नाही. आपण निर्विवाद अस्सल माणूस आहात. कुणाकडेही न बघता पुढे जावे.