हवालदाराचा उत्तररंग

“बुवा उतरतील ते माझ्याच घरी! आणि त्यांच्या घशाची जबाबदारीसुद्धा माझी!”

दत्तमंदिराच्या बैठकीत अनंतरावांनी मांडीवर अशी थाप मारली की शेजारी पेंगणारे दोघे जागे झाले. सांगलीच्या कीर्तनकार पुष्करबुवांना घरी उतरवून घेणं म्हणजे साताऱ्यातल्या त्या कॉलनीत केवढा मान! टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून अनंतराव कीर्तनाला पहिल्या रांगेत बसत. पण बुवांचं ताट त्यांच्या घरी कधी वाढलं गेलं नव्हतं. यंदा मात्र त्यांच्या हाती हुकमाचं पान होतं. परसात खोकलीचा वाफा! खोकली म्हणजे रस्त्याकडेला उगवणारं साधंसं रोप. पण बसलेला घसा तिच्या काढ्यानं उठून पळायला लागतो, असं त्यांच्या आजोळचं ठाम मत होतं.

“आणि त्या वाफ्यात लोळणारा बोका?” कुणीतरी खवचटपणे विचारलं.

“तो बोका माझ्या उंबऱ्याच्या आत आला, तर नाव बदलीन!”

बोका शेजारच्या मानसिंगांचा. मानसिंग फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, म्हणून बोक्याचं नाव हवालदार. अंगानं उशीएवढा, तोरा जनरलचा! रोज सकाळी कुंपणाची भिंत ओलांडून यायचा, खोकलीची मुळं उकरायचा आणि त्यावर चारी पाय वर करून असा लोळायचा, की भजनात देहभान हरपलेला टाळकरी बरा!

अनंतरावांनी बाभळीचे काटे पसरले. हवालदारानं त्यावर पाठ खाजवून घेतली. संत्र्याच्या साली टाकल्या. त्या त्यानं चेंडूसारख्या खेळवल्या. वाफ्यावर घमेलं पालथं घातलं, तर त्याच्यावर चढून ऊन खात बसला!

“अहो, एक बघितलंत का?” अनंतरावांच्या पत्नी शरयूताई म्हणाल्या. “तो तुळशीला शिवत नाही, मोगऱ्याला शिवत नाही. खोकलीच उकरतो. तिच्यात काहीतरी आहे.”

“तिच्यात काही नाही, त्याच्यात वैर आहे! मागल्या जन्मीचं!”

शेवटी अनंतराव भिंतीपाशी गेले. “सुभेदार, तुमचा बोका आवरा!”

“आवं अनंतराव, मानसांस्नी सरहद्द कळंना, मांजराला कवा कळायची? गस्तीवर आसतंय ते.”

“माझ्या वाफ्यात कसली गस्त?”

“आता काय सांगू गड्या! तुमचा वाफा लय मोक्याचा हाय.”

आणि नेमके बुवा आले ते घसा बसवूनच! लोणंदचा सप्ताह उरकून, वाटेत थंडगार उसाचा रस पिऊन. “राम... कृष्ण... हरी,” एवढंच म्हणाले, तेही गंजक्या बिजागरीच्या आवाजात. संध्याकाळी पहिलं कीर्तन. मंडप उभा, तबलजी हजर, आणि बुवांचा घसा रजेवर! कीर्तन मोडलं, तर ‘अनंतरावांच्या घरी बुवांचा घसा बसला’ हे अनंतरावांना नातवंडांच्या लग्नापर्यंत ऐकायला मिळणार!

अनंतराव वाफ्यात घुसले. उरलीसुरली सगळी खोकली त्यांनी मुळासकट उपटली. एका दगडात दोन पक्षी! बुवांना औषध आणि बोक्याला यायला निमित्तच नाही! पाल्याचा काढा झाला. मुळं वाटून शरयूताईंनी त्यांचा कोमट लेप बुवांच्या गळ्याला थापला, वरून उपरणं गुंडाळलं. दिवेलागणीला बुवांनी ‘सा’ लावला आणि तो लागला!

“बघा!” अनंतरावांची छाती सदऱ्यात मावेना.

पूर्वरंग तर असा रंगला की काय सांगावं! नामाचा महिमा सांगता सांगता बुवांचे डोळे पाणावले, ऐकणाऱ्यांचेही. मग बुक्का लागला, हार पडला, उत्तररंगात प्रल्हादाचं आख्यान सुरू झालं. मंडप चिडीचूप.

“कुठं आहे तुझा नारायण?” बुवा गरजले. “या खांबात आहे? हिरण्यकशिपूनं लाथ मारली! खांब कडाडला! आणि त्यातून...”

आणि मंडपाच्या खांबामागून हवालदार प्रकटला!

एका झेपेत तो बुवांच्या खांद्यावर. बायका किंचाळल्या, पेटीवाला सुरासकट मागे सरकला. हवालदारानं बुवांच्या गळ्याला गाल घासला, उपरण्यात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि लाळ गाळत जी गुरगुर सुरू केली, ती उपरण्याला लावलेल्या माइकमधून चारही कर्ण्यांतून घुमली. घुर्र... घुर्र... घुर्र! तबलजीनं सवयीनं ठेका धरला.

“अहो!” शरयूताईंनी कोपरानं ढोसलं. “लेप! मुळांचा लेप! म्हणत नव्हते मी, खोकलीतच काहीतरी आहे! त्या वासानं झिंगतोय तो!”

पण बुवा डगमगतील तर बुवा कसले! एक हात बोक्याच्या पाठीवर ठेवून म्हणाले, “पाहा मंडळी! नरसिंहाचा क्रोध भक्ताच्या स्पर्शानं असा शांत झाला!”

टाळ्यांचा कडकडाट! एका आजींनी हवालदाराच्या कपाळी बुक्का लावला. मागच्या रांगेत मानसिंग सावधान उभे राहून बोक्याला सलाम ठोकत होते.

आरती झाली, तरी हवालदार उपरणं सोडीना. ओढलं की नखं रुतवायचा. बुवा त्याला गळ्यात घेऊनच अनंतरावांच्या दारापर्यंत आले. मागून मानसिंग आणि मागून अख्खी कॉलनी.

“बुवा,” अनंतराव हात जोडून म्हणाले, “खरं सांगतो. ही भक्ती नाही हो. तुमच्या गळ्याच्या लेपाला भुललाय तो.”

बुवा मनापासून हसले. “अनंतराव, कुणी टाळाच्या नादानं येतो, कुणी प्रसादाच्या आशेनं, हा लेपाच्या वासानं आला. कीर्तनाला आला ना? मग झालं! मी काही याला असा उपटून टाकणार नाही.”

“मंग आसं करू,” मानसिंग पुढे झाले. “अनंतरावांची शपथ हाय, बोका उंबऱ्याच्या आत न्हाई. तवा बुवांनी आमच्याकडंच मुक्काम करावा. रस्सा न्हाई, साधं पिठलं-भाकरी करतो!”

बुवांनी वळायला पाऊल उचललंच होतं. अनंतरावांनी उंबऱ्याकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं, शरयूताईंकडे पाहिलं. त्या पदराआड हसत होत्या. अनंतरावांनी दार सताड उघडलं आणि कमरेत वाकून म्हणाले,

“या... हवालदारसाहेब, या! पाय लागू द्या घराला!”

हवालदारानं त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता बुवांच्या खांद्यावरून गृहप्रवेश केला.

“आता नाव काय ठिवायचं, अनंतराव?” मानसिंगांनी अंगणातून विचारलं.

त्याची काळजी अनंतरावांना करावीच लागली नाही. दुसऱ्या दिवशी कीर्तनाआधी मंदिराच्या समितीनं माइकवरून जाहीर केलं: “बुवांची उत्तम बडदास्त ठेवल्याबद्दल आभार, हवालदारांच्या यजमानांचे!”

आणि टाळ्या वाजल्या, त्या पहिल्या रांगेत पाटावर बसलेल्या बोक्यासाठी.