बिरूअण्णांची मागची सीट

बिरूअण्णा गाडीवर एकटेच बसतात, किक मारतात आणि गाडी धडधडायला लागली की मान डावीकडे वळवून मागच्या रिकाम्या सीटला विचारतात, "बसला का?" मग जरा थांबतात आणि मगच क्लच सोडतात. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपल्यालाच विचारतायत. मी घाईघाईने सांगूनही टाकलं, "नाही हो, मी चालतच जाणार आहे." अण्णांनी माझ्याकडे इतक्या दयेनं बघितलं, की वेडे कोण याबद्दल मलाच शंका आली.

अण्णा मूळचे माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करता करता वाईत आले आणि कृष्णेकाठीच राहिले. त्यांची बुलेट माझ्या लग्नापेक्षा जुनी आहे आणि जास्त शांतपणे चालते. पुढची सीट स्प्रिंगवर डुलणारी, मागची वेगळी, छोट्या पाटाएवढी. तिच्या खालच्या पाय ठेवायच्या दांड्या अण्णा कधीच मिटवत नाहीत. वेग तीस. पुढे घाट लागो नाहीतर सपाट रस्ता. मागून ट्रक हॉर्न वाजवतो, उसाचा ट्रॅक्टर पुढे निघून जातो, आणि अण्णा म्हणतात, "जाऊ द्या की. गाव कुठं पळून जातंय?"

दर रविवारी सकाळी नदीच्या घाटाजवळच्या चहाच्या टपरीपाशी गाडीवाल्यांची सभा भरते. नदीवरचं धुकं अजून हटलेलं नसतं, देवळाचा कळस तेवढा वर दिसत असतो आणि खाली ओळीनं उभ्या गाड्या दव पडून ओल्या झालेल्या असतात. त्या वेळी तिथं बसलं की आठवड्याचे बाकीचे सहा दिवस खोटे वाटतात. मी शाळामास्तर, माझ्याकडे स्कूटर. त्यामुळे सभेत मला मत नाही. दोन्ही बाजूंचे कप धरायचं काम मात्र माझ्याकडे असतं.

बाजू दोन. एकीकडे अण्णा, म्हणजे कंपनीतून आली तशीच गाडी ठेवणारे. दुसरीकडे सोहम. हा सांगलीला इंजिनिअरिंग शिकलेला, पस्तिशीचा, वाईत गॅरेज असलेला गडी. जुन्या गाड्या घेऊन तो त्यांचे कॅफे रेसर करतो. म्हणजे हँडल खाली, टाकी लांब, माणूस टाकीवर ओणवा, आणि लागत नाही ते सगळं कापून टाकलेलं. सीट एकाच माणसाची.

"भुंडी गाडी," अण्णा म्हणतात. "लोकर कातरल्यावर मेंढरू दिसतंय, तशी."

"अण्णा, वजन कमी झालं की गाडी पळते."

"पळून जायाचं कुठं?"

"कॅफेपर्यंत. तिकडे इंग्लंडात पोरं अशीच कॅफे ते कॅफे पळवायची, म्हणून तर हे नाव पडलं."

अण्णा टपरीकडे बघतात, हातातल्या कपाकडे बघतात. "आमी तर पोचलोय की गड्या."

सभा हसते. सोहमही हसतो, पण पुढच्या रविवारी नवा मुद्दा घेऊन येतो. अण्णांची गाडी आपल्या हाताखाली यावी, ही त्याची फार दिवसांची इच्छा होती. त्या इंजिनाचा आवाज ऐकताना तो डोळे मिटायचा.

गेल्या हिवाळ्यात ती वेळ आली. मागच्या सीटखालची चेसी तडकली. असं बारीक वेल्डिंग करणारा वाईत सोहमच. अण्णा गाडी ढकलत गॅरेजवर आले, सोबत मी. सोहमनं गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि खडूनं मागे एक रेघ ओढली.

"इथून कापू. जोडून परत तडकणार. त्यापेक्षा मागचं काढूनच टाकू या. मजुरी नको मला. तसंही मागे कुणी बसत नाही."

अण्णा त्या पांढऱ्या रेघेकडे बघत राहिले. मग ते टायरच्या ढिगावर बसले.

"गाडी घेतली तवा आबा बसायलाच तयार न्हाई. माजा बाप. जल्म गेला मेंढरांमागं चालून. म्हनायचा, मेंढरं चालत्यात आन् मी बसू व्हय? मेंढरं इकली, तवा बसला. आन् मग रोजचं सुरू, चल, जरा हिंडून येऊ."

अण्णा पुढं सांगू लागले, "एकदा फलटनहून दहिवडीला निघालो. इंजिन गार करायला वाटंत थांबलो. आबा उतरला. निघताना मला वाटलं, बसला. वजन किती त्येचं, दोन कोकरांएवढं. मी आपला बोलत निघालो. पाऊसपानी, भावकी, समदं बोललो. त्यो मधी कवाच बोलायचा न्हाई, त्यामुळं कळंना. दारात गाडी लावून म्हनलं, उतर. तर मागं कोनच न्हाई."

सोहम खो खो हसला. मीही. अण्णाही हसले.

"त्या दिशी उलटा फिरलो आन् साठनं पळवली. जल्मात एकदाच. आबा रस्त्याकडंला दुसऱ्याच्या मेंढरांत बसलेला, एकेकाचे खूर बघत. मला म्हनला, लय घाई झालती व्हय? गाव कुठं पळून जातंय? तवापास्नं मी इचारायचो, त्यो खांद्यावर दोनदा थापटायचा, मग गाडी सुटायची."

सोहम हळूच म्हणाला, "पण अण्णा, आता आबा तर..."

"नऊ वर्सं झाली. म्हाईत हाय की मला." अण्णांनी मागच्या सीटवरची धूळ हातानं झाडली. "पर न इचारता निघालो, आन् त्यो परत मागं ऱ्हायला असला तर?"

सोहमनं खडूची रेघ अंगठ्यानं पुसली. पुसून झाल्यावरही तो अंगठा तिथंच फिरवत राहिला.

चार दिवस तो त्या चेसीवर खपला. आतून पट्टी घालून असा जोड मारला, की शोधूनही सापडू नये. रविवारी गाडी टपरीपाशी आली. सोहम म्हणाला, "मागे वजन टाकून बघायला पाहिजे. मीच बसतो." एका माणसाची गाडी बनवणारा हा गडी. कुणाच्या मागे बसलेलं मी तरी त्याला पाहिलं नव्हतं.

अण्णांनी किक मारली. सवयीनं मान वळली. "बसला का?"

सोहमनं त्यांच्या खांद्यावर दोनदा थापटलं.

अण्णा क्लच धरून तसेच बसले. इंजिन आपलं धडधडत राहिलं. कुणी घाई केली नाही. मग गाडी हलली आणि तीसच्या चालीनं धुक्यात दिसेनाशी झाली.

तासाभरानं दोघं परत आले. अण्णा हातपाय धुवायला घाटावर उतरले. मी सोहमला विचारलं, "जोड धरला?"

"धरला." तो घाटाकडे बघत होता. "गुरुजी, धोम धरणापर्यंत अण्णा बोलत होते. माणात यंदा पाऊस कसा झाला, कुणाच्या शेळीला तीन करडं झाली. वाटलं माझ्याशीच बोलतायत. उत्तर द्यायला गेलो, तेवढ्यात ते 'आबा' म्हणाले."

"मग काय केलंस?"

"गप्प बसलो," सोहम म्हणाला. "आबा मध्ये बोलायचे नाहीत ना."