मुद्दाम घेतलेली होडी

ट्रक गल्लीच्या तोंडाशी अडकला तेव्हा शंकरप्पा मैंदर्गी ड्रायव्हरशेजारी छाती काढून बसले होते. मागं ट्रकात एक पांढरी, पोटुशी होडी आडवीतिडवी बांधलेली होती आणि तिचा डोलकाठीचा खांब थेट शेजारच्या महादेवप्पाच्या गॅलरीत घुसला होता. त्यांची बायको रत्नम्मा पदर खोचून उंबऱ्यात आली.

"ताडपत्री कुटं हाय?"

"न्हाय मिळाली."

"मग हे काय हाय?"

"होडी."

"ते मला बी दिसतंय. कशाला?"

शंकरप्पांनी गल्लीकडं नजर टाकली. सगळी गल्ली कान टवकारून उभी होती. त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"ऱ्हायाला," ते म्हणाले. "मुद्दाम घेतली."

आता खरं काय ते सांगायला हवं. शंकरप्पा सोलापूरच्या भुसार बाजारातले जुने अडते. त्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं जण उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबतात, आणि पोत्यांच्या थप्प्या इकडच्या तिकडं होतात. शेजारच्याला पत्ता लागत नाही. खाली काय झालं ते वर बोलायचं नाही, हा तिथला धर्मच. साहजिकच उपरण्याबाहेरच्या हाताला त्या बाजारात कवडीची किंमत नसते. तो कसाही नाचवावा.

मुंबईत बंदराजवळच्या गोदामात बेवारस मालाचा लिलाव होता. तिथं ताडपत्र्या स्वस्तात मिळतात, असं ऐकून शंकरप्पा गेले, तर बार्शीचे अडते अण्णारावही तिथंच. ताडपत्र्यांची पाळी येईपर्यंत गप्पा रंगल्या. "औंदा गावाकडं मैंदर्गीला तूर लई माजलीय," शंकरप्पा म्हणाले. "माणूस दिसत न्हाय आत. ही एवढी!" आणि तुरीची उंची दाखवायला त्यांनी हात डोक्याच्याही वर नेला. हातोडा पडला.

"धोतरवाले शेठ," लिलाववाला ओरडला, "होडी तुमची!"

जगाच्या सफरीला निघालेलं कुणी गोरं जोडपं त्या होडीतच संसार करत मुंबईपर्यंत आलं होतं आणि समुद्राला कंटाळून विमानानं घरी गेलं होतं. 'हात चुकून वर गेला,' एवढं म्हटलं असतं तरी शंकरप्पा सुटले असते. पण अण्णाराव मिशीतल्या मिशीत हसत होते. अडत्याची सगळी इस्टेट म्हणजे त्याची पाच बोटं. शंकरप्पांचा हात चुकतो, हे एकदा बाजाराला कळलं की त्यांच्या उपरण्याखाली कोण हात घालणार?

"घ्यायचीच हुती," ते म्हणाले. अण्णारावांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

होडी परसात उतरवली तर उभी राहीना. तिच्या तळाला नांगराच्या फाळासारखं भलंमोठं लोखंडी पातं होतं, त्यामुळं ती लवंडायलाच बघे. "अप्पा, पाय नसल्यालं घर कोण इकत घेतं?" असं थोरला मुलगा गुरुबसप्पा कुरकुरला. शेवटी दोन्ही अंगांनी तुरीची पोती रचून तिला टेकू दिला. महादेवप्पा भिंतीवरून बघत होता.

"शंकरप्पा, समुद्र कवा येनार?"

"आला की पयलं तुलाच बुडवतो," शंकरप्पा म्हणाले आणि अंथरूण बगलेत मारून शिडी चढले.

रत्नम्मानं बजावलं, "खुशाल ऱ्हावा. माजं पाऊल पडायचं न्हाय तितं." ती जेवणाचं ताट सुनेच्या हाती पाठवी. शंकरप्पा रोज सकाळी उठताना छताला डोकं आपटून घेत आणि कुणी विचारलं तर "झ्याक झोप लागली!" म्हणत. टेंगूळ दिसू नये म्हणून पटका मात्र दिवसभर काढत नसत.

सोलापूरचा नळ म्हणजे आपल्या मर्जीचा मालक. एकदा तो आलाच नाही. घरात चहापुरतंही पाणी उरलं नाही, आणि परसातून मात्र कचाकच पंप मारल्याचा आवाज येत होता. होडीच्या पोटात पाण्याची मोठी टाकी होती. शंकरप्पांनी ती आदल्या पाळीला नळी लावून गच्च भरून ठेवली होती. बाहेर पाण्याचा टिपूस नाही आणि आत पाणीच पाणी, अशी होडी फक्त सोलापुरातच असू शकते.

रत्नम्मा कळशी घेऊन शिडी चढली. "मी ऱ्हायाला आले न्हाय," असं वरूनच सांगून ती आत वाकली.

आत बघते तर भिंतीत कड्या लावलेली कपाटं, दुमडून ठेवता येईल असं टेबल, आणि दोन कड्यांत टांगलेला, झुलणारा स्टोव्ह. बसल्या जागी सगळं हाताशी. घरात दोन सुना आल्यापासून तिला मोहरीचा डबासुद्धा विचारून घ्यावा लागे. तिनं एक कप्पा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. कळशी तिथंच राहिली. संध्याकाळी फोडणीचा डबा होडीत गेला आणि त्याच्यामागून रत्नम्मा.

"तू तर येनार नव्हतीस," शंकरप्पा म्हणाले.

"तुमच्यासाटी न्हाय आले. डब्यासाटी आले."

मग तिनं शिडाचं कापड गच्चीवर अंथरून त्यावर शेवया वाळत घातल्या. बायका पाण्याच्या निमित्तानं येत आणि तासभर आत बसून जात.

इकडं तुरीचा भाव चढला. गुरुबसप्पानं हातचा भाव जाऊ नये म्हणून घाईनं पोती विकली. विकली ती नेमकी होडीच्या एका अंगाची. हमालांनी शेवटचं पोतं उचललं आणि होडी आपली हळूच त्या बाजूला झुकली. दुपारची वामकुक्षी घेणारे शंकरप्पा या फळीवरून त्या फळीवर, वाटेत टेबलाला भेट देऊन, जाऊन पडले.

"मेलो!"

"वरडू नगा. बघा की," रत्नम्मा म्हणाली. होडी कलली होती, ती स्वतः कलली होती, पण टांगलेला स्टोव्ह सरळ होता. त्यावरच्या चहाचा एक थेंब सांडला नव्हता. "आमच्या घरात असं कवा झालं नव्हतं!"

खाली मिळतील ती ज्वारीची पोती लावली, तरी होडी थोडी तिरकीच राहिली. रत्नम्माला त्याचं काही नव्हतं. शंकरप्पांची मात्र कंबर धरली. रात्रंदिवस तिरकं झोपून तेही चालताना एका अंगाला कलू लागले. मनातून त्यांना घरातला पलंग दिसत होता. पण उतरायचं कुठल्या तोंडानं?

अशात एके सकाळी अण्णाराव आले, बरोबर उजनी धरणाच्या कामावरचा एक कंत्राटदार. धरण भरलं की त्याला होडी हवी होती. रत्नम्मा आत भाकरी थापत होती. तिघं होडीच्या काठावरच बसले. महादेवप्पा भिंतीशी, गुरुबसप्पा शिडीशी.

"शंकरप्पा, लई कंबर दुकती म्हनं," अण्णाराव गोड आवाजात म्हणाले आणि त्यांनी उपरणं पसरलं. "या."

शंकरप्पांना सगळं कळत होतं. आता होडी विकली की मुंबईत हात चुकला होता हे बार्शीपर्यंत सिद्ध. पण खाली अण्णारावांची बोटं बोलू लागली आणि शंकरप्पांच्या कपाळावर घाम आला. भाव भलताच होता. कंबर कळवळून 'दे, दे' म्हणत होती. एकदा हात आवळला की सौदा पक्का. त्यांची बोटं आवळायला लागली.

तेवढ्यात पाठीमागच्या दारातून, उपरण्याच्या कडेनं, पिठानं माखलेला तिसरा हात आत गेला. बांगड्या किणकिणल्या.

"आई गं!" म्हणत शंकरप्पांनी हात बाहेर ओढला.

बाजारात हात काढला की सौदा मोडला.

"काय झालं?" कंत्राटदारानं विचारलं.

अण्णारावांनी बांगड्या ऐकल्या होत्या. उपरण्यावर पीठही सांडलं होतं. पण उपरण्याखालचं वर बोलायचं कसं? जन्मभर पाळलेला धर्म त्यांच्या घशात अडकला. "मोडलं," ते कसंबसं म्हणाले.

"इकायची न्हाय," शंकरप्पा लाल झालेलं मनगट मागं लपवत गरजले. "ऱ्हायाला घेतलीय. मुद्दाम!"

पाहुणे गेले. महादेवप्पाही भिंतीवरून उतरला. रत्नम्मानं तिरक्या टेबलावर भाकरीचं ताट हातानं धरून ठेवलं आणि मनगटाला तेल लावायला दुसरा हात पुढं केला.

"चिमटा लई जोरात काडलास," शंकरप्पा पुटपुटले.

"हळू काडला असता तर इकून मोकळं झाला असतासा." ती तेल चोळत राहिली. "एक ऱ्हायलंच बगा. आपली ताडपत्री. पुन्यांदा मुंबईला जावा."

"जातो की."

"जावा. पर तितं असंस्तवर हात खिशात ठिवा."

शंकरप्पांनी चमकून तिच्याकडं पाहिलं. ती खाली मान घालून मनगट चोळत होती.

"मुद्दामच घेतली हुती," ते म्हणाले.

"व्हय की," रत्नम्मा म्हणाली. "जेवा आता, भाकरी घसरती."