कोच ट्वेट यांची पंधरा गुणांची कारकीर्द

माणूस दोनच कारणांनी धावतो. एक तर काहीतरी मागे लागलेलं असतं, नाहीतर काहीतरी पुढे निघून चाललेलं असतं. यांपैकी एकही कारण नसताना, मका कापून झालेल्या रानातून, ऑक्टोबरच्या बोचऱ्या वाऱ्यात, सहा किलोमीटर धावण्याला क्रॉस कंट्री म्हणतात. आणि अशा धावणाऱ्यांना 'अजून जोरात' असं सांगणाऱ्या इसमास कोच म्हणतात. आयोवातल्या आमच्या एल्क फोर्क कॉलेजात हे पद एकतीस वर्षं लाइल ट्वेट यांनी भूषवलं. त्यांच्या कारकिर्दीची अधिकृत नोंद करणं हे कॉलेजच्या क्रीडा-प्रसिद्धी विभागाचं (म्हणजे माझं, कारण विभागात मी एकटाच आहे) कर्तव्य आहे.

कोच ट्वेट यांच्या जबाबदाऱ्या येणेप्रमाणे: उन्हाळा संपला की मुलींना शेतातून पळवणं, हिवाळ्यात व्यायामशाळेत गोल गोल पळवणं, वसंतात ट्रॅकवर पळवणं, अडथळे मांडणं, अडथळे उचलणं, कॉलेजची व्हॅन चालवणं आणि तिचा मधला दरवाजा आतून दोरीने धरून बसायला कुणालातरी नेमणं. शर्यतीच्या दिवशी ते एका टेकाडावर उभे राहून ओरडत, मग शेत तिरकं ओलांडून मुलींच्या आधी दुसऱ्या टेकाडावर पोचत आणि तिथेही ओरडत. तज्ज्ञांच्या मते (तज्ज्ञ म्हणजे त्यांची बायको आर्डिस) प्रत्येक शर्यतीत ते संघातल्या कुणाहीपेक्षा थोडं जास्तच धावत असत. डोक्यावर बियाण्यांच्या कंपनीची फुकट मिळालेली टोपी असे. प्रेक्षक म्हणून मुलींचे आईबाप, दोन-चार कुत्री आणि एखादा रस्ता चुकलेला शिकारी एवढी मंडळी हमखास जमत.

ते ओरडत काय, हेही नोंदवायला हवं. 'पाचवी कुठाय? ए पाचवे, एक पकड!' बस्स. एकतीस वर्षांत वाक्य बदललं नाही. यामागे शास्त्र आहे. क्रॉस कंट्रीत संघातल्या पहिल्या पाच जणींचे क्रमांक घेऊन त्यांची बेरीज करतात, आणि ज्या संघाची बेरीज सगळ्यांत कमी तो संघ जिंकतो. एक, दोन, तीन, चार, पाच असे सगळे क्रमांक एकाच संघाने पटकावले तर बेरीज होते पंधरा. पंधराच्या खाली देवालाही जाता येत नाही. पहिल्या चौघी कितीही वाऱ्यासारख्या पळोत, पाचवी मागे रेंगाळली की सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी. म्हणून कोच ट्वेट पहिल्या आलेल्या मुलीला नुसतं 'बरं झालं' म्हणत आणि पाचवीला मिठी मारत.

गेल्या वर्षी आमचा संघ असा जमला होता की सप्टेंबरपासून प्रत्येक शर्यतीत पंधरा. मी दर सोमवारी बातमी लिहायचो. ती कुणी वाचत नसे, त्यामुळे शांतता होती.

मग कॉलेजला नवे क्रीडासंचालक लाभले. ट्रेंट मॅकॉर्डी यांची योग्यता निर्विवाद होती. याआधी ते एका मोठ्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर उबदार खुर्च्यांचं आरक्षण पाहत. आल्या आल्या त्यांनी अशी गोष्ट केली जी शंभर वर्षांत कुणाला सुचली नव्हती. सगळ्या खेळांचे सरासरी गुण त्यांनी एकाच तक्त्यात मांडले. तक्ता जेवणघराबाहेर लावला. तो असा होता: गोल्फ, तीनशे सत्तर. बास्केटबॉल, अठ्ठ्याऐंशी. फुटबॉल, सव्वीस. क्रॉस कंट्री (महिला), पंधरा.

गोल्फमध्येही जितके फटके कमी तितकं बरं, हे काही जाणकारांना ठाऊक असेल. आमचा गोल्फ संघ आसपासच्या कॉलेजांच्या विभागात शेवटचा होता. काही चेंडू अजून तळ्यात आहेत. पण तक्त्यावर त्यांनी सर्वांना मागे टाकलं होतं, तेव्हा त्यांना नवी जाकिटं मिळाली. गोल्फचे कोच याबद्दल काही बोलले नाहीत. एकमेकांच्या प्रांतात लुडबुड करू नये, असं त्यांचं तत्त्व आहे. कॉलेजचे अध्यक्ष स्वतः गोल्फ खेळतात. त्यांना खरं काय ते सांगता आलं असतं. पण नव्या पद्धतीनुसार त्यांचा स्वतःचा खेळही एकदम डोळ्यात भरण्याजोगा ठरत होता. त्यांनी तक्त्याखाली सही केली.

कोच ट्वेटना बोलावणं आलं. बैठकीचा वृत्तान्त लिहायला मी हजर होतो.

"लाइल, मित्रा, बस," संचालक म्हणाले. ते सगळ्यांनाच मित्रा म्हणतात. "एक गोष्ट मनापासून सांगतो, राग मानू नकोस. पंधरा?"

"पंधराच," कोच म्हणाले. त्यांना वाटलं अभिनंदन चाललंय. "पोरींनी कमाल केली बघा."

"कमाल? गेल्या आठवड्यातपण पंधरा. त्याच्या आधी?"

"पंधरा."

"म्हणजे काही वाढच नाही!"

कोचनी टोपी काढली, परत घातली. "अहो, यात कमी असले की जिंकतो. कमीत कमी पाहिजेत."

संचालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "लाइल, हीच ती मानसिकता. कमीत समाधान मानायचं. एकतीस वर्षं झाली रे याला."

कोचनी बेरीज समजावली, क्रमांक समजावले, टेबलावरची पेनं मांडून शर्यत पळवून दाखवली. संचालकांनी सगळं ऐकून घेतलं. (ऐकून घेण्याचं त्यांनी तीन दिवसांचं शिबिर केलेलं आहे.) मग ते म्हणाले, की प्रत्येक खेळाची मंडळी आपला खेळ वेगळा आहे असंच म्हणतात, पण तक्ता सगळ्यांना सारखा. निर्णय लेखी आला: विभागाच्या अंतिम शर्यतीत किमान पन्नास गुण झाले नाहीत, तर संघ बंद. मुलींनी खचून जाऊ नये, त्यांना फुटबॉलच्या सामन्यात झेंडे धरता येतील.

इथे सरकारी भाषा जरा बाजूला ठेवून सांगतो, मला फार वाईट वाटलं. संघ म्हणजे कोचचं घर होतं. आर्डिस अंतिम शर्यतीनंतर दरवर्षी सगळ्यांना चिली (म्हणजे घेवड्याची झणझणीत उसळ) आणि दालचिनीचे रोल खाऊ घालते. तिने त्या आठवड्यात घेवडा भिजत घालायचा की नाही, हे मला फोन करून विचारलं.

कोचनी मुलींना व्हॅनपाशी गोळा केलं आणि काही लपवलं नाही. "नेहमीसारख्या धावलात तर जिंकाल, आणि सोमवारपासून संघ नाही. हरलात तर संघ राहील. पुढच्या वर्षीच्या पोरींना पळायला मिळेल."

मग पाचवी बोलली. रेनाटा ओस्टबी, शेवटच्या वर्षाची, डुकरं पाळणाऱ्या घरातली, दांडगी, लाल गालांची. चार वर्षांत ती कधीही, कशातही पहिली आली नव्हती.

"हिशेब सोपा आहे, कोच. या चौघी एक ते चार. झाले दहा. मी चाळिसावी येते. पन्नास."

"रेनाटा, तुझी शेवटची शर्यत आहे गं."

"म्हणून तर. मला काय, नंतर डुकरांच्या मागेच धावायचंय." मुली हसल्या. तीही हसली. मग म्हणाली, "तुम्ही फक्त ओरडू नका. तुम्ही ओरडलात की माझे पाय माझं ऐकत नाहीत."

कोचनी शब्द दिला. मुद्दाम मागे राहणं नियमात बसतं का, असा प्रश्न वाचकाला पडेल. मलाही पडला होता. पण वरिष्ठांच्या लेखी सूचनेप्रमाणे वागणाऱ्याला आमच्या कॉलेजात कुणी दोष देत नाही.

शर्यतीच्या दिवशी संचालक जातीने हजर होते. त्यांनी आयुष्यात पाहिलेली ही पहिली क्रॉस कंट्री शर्यत. बंदूक वाजली, मुली टेकाडापलीकडे गेल्या, आणि ते म्हणाले, "आता आपण काय बघायचं?" हा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे.

कोच ट्वेट मधल्या टेकाडावर उभे होते. ओठ आवळलेले, हात पाठीमागे, नको ते बोलेल म्हणून घरच्यांनी दटावून आणलेल्या म्हाताऱ्यासारखे. पहिल्या चौघी गेल्या, एकीमागे एक, ठरल्याप्रमाणे. मग इतर कॉलेजांच्या मुली गेल्या. मग आणखी गेल्या. आणि मग, अगदी सावकाश, बाजारातून परत येतेय अशा चालीने, रेनाटा आली. मी मोजलं. चाळिसावी. काय ती शिस्त!

नेमकं त्याच वेळी कोचच्या शेजारी एक माणूस येऊन उभा राहिला. अंगावर मक्याचा भुसा, हाताला वंगण. हा रेनाटाचा बाप, नॉर्म ओस्टबी. चार वर्षांत पोरीची एकही शर्यत त्याने पाहिली नव्हती, कारण शर्यती आणि कापणी एकाच महिन्यात येतात. आज त्याने कापणीचं यंत्र भर शेतात सोडलं होतं.

"ती रेनाटाच ना?" नॉर्मने विचारलं.

"हो."

"लागलंय का तिला?"

"नाही."

"बरं नाहीये का?"

"ठीक आहे ती."

नॉर्मने मान हलवली. आमच्याकडची माणसं जास्त विचारत नाहीत. तो पोरीकडे बघत राहिला. तिनेही त्याला पाहिलं आणि मान खाली घातली. नॉर्म हळूच म्हणाला, "मला वाटायचं, ती चांगली पळत असेल."

कोच ट्वेट यांनी दिलेला शब्द मोडल्याची एकतीस वर्षांतली ही एकमेव नोंद. त्यांनी टोपी काढून जमिनीवर आपटली आणि ओरडले, "पाचवे! एक पकड!"

रेनाटाने क्षणभर वर पाहिलं. मग ती निघाली. पोरीने मातीची ढेकळं उडवत एक पकडली, मग तीन पकडल्या, मग उतारावर वीस-बावीस जणींचा घोळका होता तो मधून फाडला. कोच शेतातून तिरके धावत होते, त्यांच्यामागे नॉर्म जाड बुटांनी धावत होता, आणि दोघंही तेच एक वाक्य ओरडत होते. (वृत्तान्त लिहिण्याची वही हातात असल्यामुळे मला धावता आलं नाही. ओरडता मात्र आलं.) शेवटच्या सरळ पट्ट्यात तिने आणखी पाच जणी मागे टाकल्या. ती नववी आली, रेषा ओलांडून गुडघ्यावर पडली आणि बापाच्या बुटांवर ओकली. नॉर्म म्हणाला, "पळतेस की गं," आणि तिचे केस मागे धरून उभा राहिला.

दहा आणि नऊ, एकोणीस. दुसऱ्या आलेल्या संघाचे छत्तीस. त्या संघाच्या कोचबाई संचालकांपाशी आल्या, त्यांचा हात हातात घेऊन गदगदा हलवत म्हणाल्या, "अहो, एकोणीस! मानलं तुम्हाला!" संचालकांचा चेहरा पडला. हरलेल्या माणसाला असं तोंडावर टोचून बोलणं त्यांना खिलाडूपणाचं वाटलं नाही. गाडीत ते मला म्हणाले, की या विभागात सभ्यता म्हणून राहिलेली नाही.

संघ सोमवारी बंद झाला. मात्र संचालक दिलदार माणूस. पंधरावरून एकोणीस म्हणजे सत्तावीस टक्के प्रगती, हे त्यांनी कोचच्या निवृत्तिपत्रात आवर्जून घातलं आणि 'हे आधी का केलं नाहीस, मित्रा?' असंही आपल्या हाताने खाली लिहिलं. विजेतेपदाचा करंडक टपालाने आला. कशाचा ते कुणाला कळेना, तेव्हा तो गोल्फच्या कपाटात ठेवला. आर्डिसने चिली केली. सगळ्या मुली आल्या, नॉर्मही आला आणि त्याने चार रोल खाल्ले. पुढच्या वर्षी ज्या पोरी पळायला येणार होत्या, त्या आता दुसऱ्या कॉलेजात गेल्या आहेत, हेही इथे लिहून ठेवतो.

एवढं होऊनही कॉलेज जागच्या जागी आहे. तक्ता दर महिन्याला नवा लागतो, आणि तो नीट पाहायला, त्यात बसत नाही ते काढायला एक समिती नेमली आहे. समितीला अजून एक सदस्य हवा. अट एकच: कमी म्हणजे काय आणि जास्त म्हणजे काय हे सगळं व्यवस्थित समजलेलं असूनही, वेळ आली की तक्त्याच्या बाजूने उभा राहील असा माणूस. मी पुष्कळ शोधलं. मग आठवलं, की बाप शेजारी उभा होता, पोर मान खाली घालून चालली होती, कोचनी तोंड उघडलं, आणि त्या क्षणी तुम्ही मनातल्या मनात म्हणालात, 'अहो, गप्प बसा ना, संघ जाईल!' तुमचं नाव मी संचालकांना कळवलं आहे. बैठक दर मंगळवारी असते, कॉफी मिळते.